तलावावरचा बैरागी

कोणी पाया पडायला वाकलं की तो दोन्ही पाय झटकन धोतराखाली ओढून घ्यायचा आणि म्हणायचा, "मी बैरागी नाही बापा. मी एकटा आहो."

त्यामुळे लोक आणखीच भारावायचे. खरा बैरागी स्वतःला बैरागी म्हणवून घेतो थोडाच!

कोंढ्याजवळच्या एका गावात मी शिक्षक होतो. येता-जाता तलावाच्या पाळीवर त्याची झोपडी लागे. त्याची बायको वारल्यावर मुलानं त्याला धानाच्या राखणीसाठी म्हणून चार दिवस तिथे पाठवलं होतं. धान घरी आलं, बापाला कोणी बोलावलं नाही. न्हावी गावात, म्हणून दाढी वाढली, केसांच्या जटा झाल्या. कोणीतरी थंडीसाठी कुठल्याशा सत्कारातली भगवी शाल दिली, ती अंगावरच राहिली. त्यातच एका बाईची हरवलेली म्हैस त्यानं सांगितलेल्या जागी सापडली. म्हैस रोज त्याच्यासमोरच तलावात डुंबायची, पण बाई नारळ घेऊन आली. झालं, गावाला बैरागी मिळाला.

माझ्या लहानपणी बैरागी म्हणजे न जेवणाऱ्या पोरांना झोळीत घालून नेणारा. पुढे कळलं, संसारात लक्ष नसलेल्या नवऱ्यालाही बायका बैरागीच म्हणतात. आणि इथे तोच शब्द एका म्हाताऱ्याला घराबाहेर ठेवायच्या कामी आला होता, तोही मानानं. तुमच्या गावात असा कोणी असेल, तर त्याचं घर कुठे आहे ते एकदा विचारून बघा.

मासे म्हणजे त्याचा जीव की प्राण. पण भक्तांपुढे खाणार कसे? मी डब्यातून झिंग्यांचा रस्सा नेला की तो झोपडीत पाठ करून बसायचा आणि मला दाराशी उभं करायचा. "कोणी आलं तं खोकजा गुरुजी."

एका वर्षी घरोघरच्या माणसांची नोंद करायचं काम माझ्याकडे आलं. मुलाला वडिलांचं नाव विचारलं. तो म्हणाला, बाबा बैरागी झाले, त्यांना आता घरदार नाही. मी नाव लिहिलं नाही. वाद घालायला हवा होता. पण ऊन फार होतं आणि बरीच घरं उरली होती.

संध्याकाळी पाळीवर त्यानं मला थांबवलं. "गुरुजी, घरच्या कागदात माह्यं नाव आहे ना?"

मी हो म्हणालो. त्या 'हो'ची आजही लाज वाटते.

त्याचा चेहरा खुलला. "मंग झालं. जितेपणी नाही तं नाही, मेल्यावर पोराच्या हातचा अग्नी भेटला पाहिजे. तेवढं त्याले सांगून ठेवजा."

मी सांगितलं. मुलानं मान डोलावली.

यंदा थंडीत तो गेला. मी पोचलो तेव्हा पाळीवर खड्डा खणून झाला होता. त्याला अग्नी हवा होता, असं मी म्हणालो. गावातला एक जाणता माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, "बैराग्याले अग्नी नाही देत गुरुजी. समाधी देतात." मी मुलाकडे पाहिलं. तो खड्ड्याकडे पाहत होता. घरच्या कागदात नाव न लिहिणारा मी, आणखी काय बोलणार?

त्याला भगव्या शालीत मांडी घालून बसवलं. आधी मुलगा पाया पडला, मग सगळं गाव. या वेळी त्याचे पाय जागचे हलले नाहीत.