शिळं पाणी

नगरच्या सावेडीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं. ते मुळा धरणाचं, आणि मुळा निघते आमच्याच बाजूला, अकोले तालुक्याच्या डोंगरांत. आठवीत शाळा सोडली, हिकडंतिकडं कामं केली आणि शेवटी नगरला जारच्या पाण्याची गाडी चालवायला लागलो, तरी हे मला माहीत नव्हतं. ज्यांच्या बंगल्यामागच्या खोलीत मी राहतो, त्या काकूंनी सांगितलं. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या.

"तुझ्या गावचा पाऊस गोदावरीच्या वाटेनं समुद्राला जायचा," त्या म्हणाल्या. "आपण तो मधेच नळानं इथं आणतो, वापरतो आणि गटारातून सीनेत सोडतो. सीना भीमेला, भीमा कृष्णेला. निघाला एका नदीतून, पोचतो दुसरीतून!"

त्या हसल्या. मला मात्र त्या पाण्याचं वाईट वाटलं. संध्याकाळी खोलीवर बोलायला कुणी नसतं, मग असलं काहीबाही डोक्यात घोळत राहतं.

गेल्या उन्हाळ्यात आईला घेऊन आलो. आमच्याकडं पाऊस असा, की समोरचं घर दिसत नाही. पण डोंगर उताराचा, सगळं खाली वाहून जातं. चैत्र सरला की ओढ्यात झिरा उकरायचा, पाझर साठेपर्यंत बसायचं आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. तिथून वर चढताना आई भरल्या हंड्यासकट घसरली. शेजारणीनं फोनवर गुडघा सुजल्याचं सांगितलं, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. ठरवलं, आता आईला इथंच ठेवायचं, कायमचं. काकूंना भीत भीत विचारलं, तर त्या लगेच हो म्हणाल्या. एवढं कोण करतं?

दुसऱ्याच दिवशी दुपारी जेवायला आलो, तर दारात हंडा, कळशी, बादल्या घासूनपुसून पालथ्या घातलेल्या. पिंपसुद्धा आडवं. आई पायरीवर बसलेली, खुशीत.

"आई, पाणी कुठं गेलं?"

"शिळं हुतं. दिलं वतून झाडांना. कालचं पानी कुनी ठेवतं व्हय? दारात नळ हाय की."

"आज नळाला पाणी नसतं गं!"

"आरं, मंग कसला मेला नळ!"

गावाकडं रोजची रीतच ती. पाणी कितीही थोडं असो, प्यायला आजचंच. कालचं उरलेलं भांड्यांना, नाहीतर कोंबड्यांना. मी इतकी वर्षं साठवलेलंच पितोय, की हे तिला सांगावं लागेल असं मनातही आलं नाही.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. आता खोली सोडा म्हणतील, एवढंच डोक्यात. त्यांनी ओलं अंगण बघितलं.

"माझ्या जास्वंदीला लॉटरी लागली म्हणायची! अरे, बघत काय बसलास? माझ्या टाकीला पाईप लाव."

आई खालमानेनं म्हणाली, "बाई, चुकलं माजं."

"त्यात काय चुकलं? माझ्या सासूबाई पण अशाच ओतायच्या. तेव्हा अंगणात विहीर होती, एवढाच फरक."

पिंप भरलं. काकूंचे ते उपकार मी विसरणार नाही. पण आई त्या दिवसापासून चोरट्यासारखी पाणी वापरायला लागली. एका तांब्यात हातपाय धुवायची. मी पुढ्यात पेला ठेवला तरच प्यायची.

"पी की गं, पिंप भरलंय."

"दुसऱ्याचं हाय ते."

"मग कामावरून जार आणतो. मालक देईल."

"इकायचं पानी आईला पाजतो व्हय रं?" ती हसली. "ठेवलेलं गळ्याखाली उतरत न्हाई बाबा. मला गाडीत बसवून दे."

मी गुडघ्याचं काढलं. पुन्हा पडलीस तर, म्हणालो.

"हळू उतरंन. झिऱ्यावर चार बाया असत्यात बोलाया. हितं तू कामाला गेलास का मी आन् ही भिताडं."

त्या भिंती मलाही चांगल्या माहीत होत्या.

गावाकडं जाणाऱ्या राजूरच्या गाडीत बसवताना तिच्याकडून कबूल करून घेतलं, की वर चढताना हंडा शेजारणीच्या डोक्यावर द्यायचा. "बरं," ती म्हणाली, जरा जास्तच पटकन. मी खिडकीतून पाण्याची बाटली दिली. तिनं ती फिरवून बघितली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"मला न्हाई लागत वाटंत. तूच पी, तोंड बघ कसं सुकलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. मागं बायकांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं. आईचा आवाज मोकळा होता, पण ती घाईत होती.

"ठेव आता, पान्याला निगालेय," म्हणाली.

हंडा कोण चढवणार, हे विचारायच्या आत तिनं फोन ठेवला.