वादळ आणि पाहुण्यांचा सत्कार

अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या आमच्या मराठी मंडळात वादळांचे हौशी आम्ही दोघंच होतो: मी आणि निवृत्त डॉक्टर असलेल्या एक काकू. त्या वर्षी पाडव्याचा कार्यक्रम शाळेच्या जिममध्ये होता आणि त्याच दुपारी राज्यभर टोर्नेडो उतरत होते. मागच्या रांगेत आम्ही लॅपटॉपवर रडार बघत बसलो. पडद्यावर एका वादळाला मासे धरायच्या गळासारखं टोक फुटलं. आत भोवरा असल्याची ती खूण, आणि वादळ आमच्याच दिशेनं येत होतं.

मी व्यासपीठापाशी जाऊन अध्यक्षांना म्हणालो, "एवढ्या मोठ्या छपराखाली थांबणं धोक्याचं आहे. सगळ्यांना आतल्या कॉरिडॉरमध्ये न्या."

"गावाचा धोक्याचा भोंगा वाजलाय का? मग बसा. पाहुण्यांचा सत्कार राहिलाय."

"शाल कॉरिडॉरमध्येही पांघरता येते," मागून काकू म्हणाल्या.

अध्यक्ष पुन्हा माइककडे वळले. मग आम्ही दोघांनी श्रीखंडाची पातेली आणि पुऱ्यांचे ट्रे कॉरिडॉरमध्ये नेऊन मांडले आणि मी जिमच्या दारातून ओरडलो, "जेवण इकडे लागलंय."

बघता बघता जिम रिकामी झाली. सगळ्यात शेवटी अध्यक्ष आले, सत्काराचा नारळ हातात घेऊन. भोंगा त्यानंतर वाजला.

वादळ गावाच्या उत्तरेकडून निघून गेलं. छपराला काही झालं नाही, म्हणून पुढच्या सभेत मला माफी मागायला सांगितलं गेलं. मी मागितली नाही. रडारवर पुन्हा तो गळ दिसला, तर पुन्हा सत्काराआधी जेवण लावीन, एवढं सांगून खाली बसलो.