आधी पूर, मग पाऊस

टेकडीवरच्या पर्जन्यमापकाच्या आणि खालच्या ओढ्यावरच्या पातळीमापकाच्या नोंदी मी वेळेप्रमाणे एकाखाली एक लावल्या. रांग सरळ लागली. फक्त त्या रांगेत ओढा आधी फुगत होता आणि पाऊस नंतर पडत होता.

पर्जन्यमापक सांभाळणाऱ्या सावंतकाकांना फोन केला. “काका, यंत्राचं घड्याळ कुणी लावलं?”

“मीच. माझ्या मनगटावरचं बघून.”

“ते बरोबर आहे ना?”

“बरोबरच आहे. पंधरा मिनिटं पुढे ठेवलंय फक्त. एसटी चुकायला नको.”

पंधरा मिनिटं वजा केली आणि पाऊस मुकाट्यानं ओढ्याच्या आधी जाऊन बसला. माझा संशय मात्र तिथूनच सुरू झाला. ही रांग उलटी दिसली म्हणून मी विचारलं तरी. आजवर ज्या नोंदी शहाण्यासारख्या ओळीत बसल्या, त्यांच्या घड्याळांची चौकशी मी कधी केलीच नव्हती. सरळ रांगेला कोण हटकतो?

मग माझं लक्ष माझ्याच मनगटाकडे गेलं. ओढ्यावरच्या यंत्राचं घड्याळ मी हे बघून लावलं होतं. आणि हे पाच मिनिटं पुढे आहे, ऑफिसला उशीर नको म्हणून.