धक्का असलेलं बेट

आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नाही. कुणी काही चांगलं केलं की आई म्हणते, "बरं झालं," दादा नुसती मान हलवतो आणि मी काहीतरी खवचट बोलतो. वहिनीला या घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण तिच्या वाट्यालाही हेच आलं. म्हणून आज जरा मोठ्या आवाजात सांगणार आहे. कुणाला अतिशयोक्ती वाटली तर वाटू दे.

माझी वहिनी श्रीमंत लोकांना बेटं निवडून देते. हे सांगितलं की समोरचा माणूस एकदा तिच्याकडे बघतो आणि एकदा आमच्या जिन्यातल्या पोपडे आलेल्या भिंतीकडे. पण खरं आहे. बंदराच्या रस्त्यावर बोटींचे रंग विकणारं एक दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस. तिथून ऐषारामी यॉट भाड्यानं देतात, कॅप्टन, खलाशी आणि आचाऱ्यासकट. यॉट ठरली की मंडळी वहिनीच्या टेबलासमोर येऊन बसतात आणि विचारतात, "आता जायचं कुठे?" दक्षिणेच्या उबदार समुद्रात बेटं ढिगानं पडली आहेत आणि फोटोत सगळी सारखीच दिसतात. निळं पाणी, पांढरी वाळू, एक वाकडा माड. त्यातून त्या माणसांना मानवतील अशी चार-पाच बेटं काढायची, हे तिचं काम.

तिनं बेटांना स्वतःची नावं ठेवली आहेत. एक आहे 'रुसव्याचं बेट'. तिथे इतकी शांतता की नवराबायकोला एकमेकांशिवाय दुसरं काही उरतच नाही, आणि तिसऱ्या दिवशी दोघं दोन टोकांना बसलेली असतात. एक आहे 'डासोबा'. जाहिरातीत तो सगळ्यात देखणा, पण संध्याकाळी बाहेर बसलात तर सकाळी घरचे ओळखणार नाहीत. ही नावं गिऱ्हाइकाला सांगायची नसतात. आम्हाला मात्र जेवताना रोज ऐकावी लागतात.

घरात मी तिला 'कप्तान' म्हणतो, कारण तिला बोट लागते. साधीसुधी नाही, चांगली आडवी पडते. कंपनी तिला वर्षातून एकदा बेटं पाहायला पाठवते, तेव्हा जाताना आणि येताना ती डेकवर चटईसारखी पसरलेली असते, असं खलाशीच सांगतात. पण बेटाला पाय लागला की बाई उठून उभी. धक्क्यावरचा माणूस, दुकानदार, पाणी भरून देणारा, सगळ्यांशी ओळखी करून फोन नंबर घेऊन परत येते.

"एवढा त्रास होतो तर जातेस कशाला?" मी एकदा विचारलं.

"भाऊजी, फोटोवरून नवरा पसंत केला होता मी," ती म्हणाली. "बेटाच्या बाबतीत तरी आधी बघून घेते."

दादानं मान हलवली.

गिऱ्हाईक आलं की ती पहिल्यांदा खर्चाचं विचारत नाही. विचारते, "बोटीवर मागे कोण थांबणार?" लोकांना हा प्रश्न कळत नाही. त्याचं असं आहे, की नावाजलेल्या बहुतेक बेटांना धक्काच नसतो. यॉट लांब नांगर टाकते, मग शिडीनं रबरी होडीत उतरायचं, आणि किनारा आला की गुडघाभर पाण्यात उडी. ज्याला हे जमत नाही तो बोटीवर बसतो. वहिनी म्हणते, प्रत्येक घरात असं एक माणूस असतंच, आणि त्याचं नाव घरच्यांना चटकन आठवत नाही.

तर गेल्या हंगामात एक मोठं गिऱ्हाईक आलं. फरश्यांचे कारखाने असलेलं कुटुंब, दोन मुलगे, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडं. आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून सगळ्यांनी आठ दिवस समुद्रावर जायचं ठरवलं होतं. थोरला मुलगा आला तो बेटं ठरवूनच आला होता. सगळी देखणी, सगळी पांढऱ्या वाळूची, आणि धक्का एकालाही नाही.

वहिनीनं तिचा प्रश्न विचारला.

"आई थांबते," तो सहज म्हणाला. "मागच्या दोन्ही वेळी तीच थांबली. गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय ना. पण तिला आवडतं हो बोटीवर. निवांत बसते."

"म्हणजे दोन सहली झाल्या, आणि आजी एकाही बेटावर उतरल्या नाहीत?"

माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "नाही उतरली खरी."

वहिनीनं तिथेच सांगितलं, यातला एक दिवस मला द्या. तिच्या मनात होतं 'मिठाचं बेट'. तिथे मिठागरं आहेत, मीठ न्यायला मालाच्या बोटी येतात, म्हणून दगडी धक्का आहे आणि धक्क्याशी पाणी खोल आहे. यॉट थेट धक्क्याला लागते. मधे रुंद फळी टाकली की चालत उतरायचं, पाय ओला होत नाही. बाकी सौंदर्याच्या नावानं बोंब. करडा किनारा, एक दुकान, एक शाळा, बदामाच्या झाडाखाली दोन बाकं.

तिच्या साहेबांनी डोक्याला हात लावला. "मॅडम, ही माणसं एवढे पैसे मोजून मिठाच्या गोण्या बघायला जाणार? धाकटी सूनबाई मला फोन करून विचारतेय, तिथे फोटो कशाचे काढायचे!"

"सासूचे काढा म्हणावं," वहिनी म्हणाली.

साहेब हसले नाहीत. महिन्याभरापूर्वीच त्यांनी बेटांचं सगळं काम एकट्या वहिनीवर सोपवलं होतं. त्याआधी कित्येक वर्षं ती टेलिफोनवर बसायची, बेटं बघून यायची आणि ठरवायचे साहेब. हे कुटुंब नाराज झालं तर ती पुन्हा टेलिफोनवर जाईल, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. रागावून नाही, काळजीनं सांगितलं, पण सांगितलं.

खरी अडचण पुढेच होती. वहिनीनं आजींना फोन लावला आणि आजीच नको म्हणाल्या.

"कशाला गं माझ्यासाठी सगळ्यांना तिथे नेतेस? मी बसते बोटीवर. मला काही त्रास नाही."

हा फोन तिनं घरून, आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, स्पीकर लावून केला होता, म्हणून मी ऐकला. वहिनीची आई अशीच होती. सगळे बाहेर निघाले की ती म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे, घराला कुणीतरी हवं." शेवटपर्यंत घराला तीच होती. वहिनीनं गॅस बारीक केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, त्रास होत नाही ते कळलं. पण उतरावंसं वाटतं का, ते सांगा."

 मग आजी म्हणाल्या, "बंदरावर बोटीत चढता-उतरताना दोन पोरं दोन्ही बाजूंनी धरतात गं. गोणी उतरवल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा न उतरलेलं बरं."

वहिनीनं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "भाऊजी, तुमच्या दुकानात ती लांब फळी आहे ना, शटरमागची? घेऊन या."

मी विजेच्या वस्तू दुरुस्त करतो, सर्कस चालवत नाही, असं मी म्हटलं. पण फळी आणली. आमच्या इमारतीच्या दारात तीन पायऱ्या आहेत, त्यांवर ती तिरकी टेकवली. गुडघे दुखणारं माणूस घरातच होतं. आई.

आईनं आधी सगळ्यांचा उद्धार केला. मग दादानं एक हात धरला, मी दुसरा, आणि ती फळीवर दोन पावलं टाकून किंचाळली, "सोडा मला! तुम्ही धरता म्हणूनच मी पडेन! मला माझे पाय दिसू द्या!" तळमजल्यावरच्या मावशी दार उघडून बघायला लागल्या. वहिनीनं आम्हाला बाजूला केलं, घरातून दोन काठ्या आणून दोन्ही बाजूंना आडव्या धरायला लावल्या, कठड्यासारख्या. कमरेच्या जरा वर. आईनं दोन्ही काठ्या धरल्या, खाली बघितलं, पुढे बघितलं आणि सावकाश, कुणाच्या मदतीशिवाय खाली उतरली. उतरून वळली आणि म्हणाली, "आता परत चढून दाखवू?"

तेव्हा सगळी गोम कळली. फळी रुंद हवी, उतार कमी हवा, दोन्ही बाजूंना कठडा हवा, आणि मुख्य म्हणजे कुणीही हात लावायचा नाही. वहिनीनं यॉटच्या कॅप्टनला हे पाठ करायला लावलं. मिठाच्या बेटावरच्या धक्केवाल्याला फोन करून भरतीची वेळ विचारली, कारण भरती असेल तेव्हाच बोट आणि धक्का एका पातळीत येतात आणि फळी सपाट बसते. मालाची बोट त्या दिवशी सकाळीच निघून जाईल, असं वचनही घेतलं. आजींना सगळं सांगितलं. आजी म्हणाल्या, "बघू." वहिनी मला म्हणाली, "बघू म्हणजे हो."

त्या दिवशी मी तिच्या ऑफिसातच होतो. छताचा पंखा कुरकुरत होता म्हणून साहेबांनी बोलावलं होतं. मी शिडीवर, वहिनी फोनपाशी आणि साहेब तिच्या मागे येरझाऱ्या घालत.

कॅप्टनचा फोन आला. मालाची बोट अजून धक्क्यालाच होती. तिचं इंजिन सुरू होत नव्हतं. भरती उतरायला लागली होती आणि थोरला मुलगा म्हणत होता, राहू दे आता, पुढच्या बेटावर जाऊ, तिथे मुलांना पोहायचंय.

साहेब म्हणाले, "जाऊ द्या मॅडम. आपण प्रयत्न केला."

वहिनीचा चेहरा पडला होता. मी तिला कधी असं बघितलं नव्हतं.   मग ती कॅप्टनला म्हणाली, "आजी कुठे आहेत?"

"आजी?" कॅप्टन म्हणाला. "त्या बूट घालून, पर्स घेऊन बसल्यात. मघापासून."

"मग त्यांना विचारा. दुसऱ्या कुणाला नाही."

आम्हाला फोनमधून लाटांचा आवाज आला, कुणाचं तरी बोलणं आलं, मग कॅप्टन परत आला. "आजी म्हणाल्या, थांबू."

ते थांबले. अख्खी यॉट, सुना, जावई, नातवंडं, सगळी एका मिठाच्या बोटीचं इंजिन सुरू व्हायची वाट बघत थांबली. मी शिडीवरून उतरायचं विसरलो. पंखा उघडा पडला होता आणि उकाड्यानं साहेबांचा जीव चालला होता, पण तेही तिथून हलले नाहीत. अखेर बोट हलली. यॉट धक्क्याला लागली. पाणी उतरल्यानं बोट धक्क्याच्या खाली गेली होती आणि फळीला चढ आला होता, हवा होता त्यापेक्षा जास्त. कॅप्टननं फोन चालूच ठेवला होता. "आल्या... कठडा धरला... मुलगा पुढे झाला, त्यांनी त्याला हातानं बाजूला केलं... अर्ध्यावर आल्या... थांबल्या..."

"कुणी हात लावू नका," वहिनी फोनमध्ये कुजबुजली.

"...उतरल्या," कॅप्टन म्हणाला.

वहिनी मटकन खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. साहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी शिडीवर होतो. मला इतका अभिमान वाटला, की तिथूनच ओरडून रस्त्यावरच्या लोकांना सांगावं, ही माझी वहिनी आहे, आमच्या घरातली आहे. ओरडलो नाही. आमच्या घरात पद्धत नाही.

पण प्रकरण संपलं नव्हतं. पाणी आणखी उतरत होतं; तासाभरात आजी बोटीवर परतल्या नाहीत तर फळी फार उभी होणार होती आणि संध्याकाळच्या भरतीपर्यंत त्या बेटावरच अडकणार होत्या. कॅप्टननं आजींना दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा निरोप्या एकटाच परत आला. तासाभरानं फोन वाजला. थोरला मुलगा होता. वहिनी उभी राहिली. साहेबांनी डोळे मिटले.

"मॅडम, आई येत नाहीये," तो म्हणाला. "सकाळची शाळा सुटलीय, ती बाकावर बसलीय आणि पोरांच्या गराड्यात आहे. आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं. आजचं पुढचं बेट गेलं आमचं. आता तुम्हीच बोला तिच्याशी."

फोन हातोहात आजींकडे गेला. मागे मुलांचा कलकलाट होता. वहिनी म्हणाली, "आजी, पाणी उतरतंय. आता निघाला नाहीत तर संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल."

"थांबते की," आजी म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. "ही पोरं मला मिठागरं दाखवायला नेणार आहेत, अगदी जवळ आहेत म्हणे. तू असं कर, आमच्या मंडळींना समजावून सांग. कंटाळा आला असेल तर बोटीवर जाऊन निवांत बसा म्हणावं. मी आहे इथेच."