टिंबं लावायची की नाही

घाबरले होते मी, खोटं कशाला सांगू! कॉम्प्युटरचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला, मग लग्न, मग लगेच लेक, आणि यांच्या नोकरीपायी आम्ही थेट चेन्नईत. खालच्या मजल्यावर तंजावरी मराठी काका लिफ्टचे कंट्रोलर बनवायचे. धीर करून काम मागितलं, तर म्हणाले, "अम्मा, हा जुना प्रोग्रॅम चालवून दाखव. संध्याकाळच्या कॉफीपर्यंत जमलं, तर काम तुझं."

प्रोग्रॅम असेम्ब्लीतला, म्हणजे चिपच्या अगदी जवळच्या भाषेतला. त्यात मॅक्रो असतात. चार ओळींना एक नाव द्यायचं, नाव दिसलं की मशीन त्या ओळी तिथे पसरतं. पण लिहिणाऱ्याने लिहिलेलं दुसऱ्याच रीतीने! आमच्या मशीनला हुकमाआधी टिंब हवं, इथे टिंबच नाही. पडदाभर एरर. म्हटलं, लावते हाताने. लेक मांडीवर, तिच्या तोंडात माझं एक बोट, दुसऱ्या हाताने टिंबं, टिंबं, टिंबं. जेवणाच्या वेळेपर्यंत अर्धी फाइल झाली, आणि मशीन आता त्यातल्या टोकदार कंसांवर (< >) अडलं. रडूच आलं.

मग काकांचं मॅन्युअल उघडलं. इंग्रजी, बोट ठेवून ठेवून वाचलं. आणि सापडलं की हो! फाइल मशीनला द्यायच्या कमांडमध्ये नुसतं 'मायनस ए' घातलं, की मशीन ती दुसरी रीतसुद्धा वाचतं. बिनटिंबांची, टोकदार कंसांची!

घातलं. पुन्हा एरर! नीट बघते तर काय, सगळ्या एरर मी टिंबं लावलेल्याच ओळींच्या. या रीतीत टिंब चालतच नव्हतं! मूळची फाइल फ्लॉपीत होती, देवाची कृपा. माझी पुसली, ती घातली, बटण दाबलं. पडदा कोरा. एकसुद्धा एरर नाही!

काकांनी प्रोग्रॅम चिपमध्ये भरला. टेबलावरची छोटी मोटर घुं घुं करत फिरली, मजल्यांचे तांबडे आकडे शून्य, एक, दोन असे चढायला लागले. मी ओरडलेच. लेक दचकून रडली, तरी मी हसतेय!

"मग सकाळपासून काय करत होतीस गं?"

"टिंबं लावत होते, काका."

"आणि आता?"

"सगळी फेकून दिली!"

"अय्यो!" काका कॉफी हिंदकळेपर्यंत हसले. "उद्या दहाला ये. या कोपऱ्यात पोरीसाठी पाळणा टांगतो."