वेल्ह्याला जाताना बांधलेली पिशवी

निघायच्या आदल्या संध्याकाळी नवरा, अरविंद, माझ्या सायकलला हँडलची पिशवी बसवत होता. कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्टुलावर बसून. इतकी वर्षं आम्ही जोडीनं सायकलवर भटकलो. दोन्ही सायकलींची जुळणी नेहमी त्याचीच. यंदा पार्किन्सन्सनं त्याचे हात थरथरतात. वेल्ह्याला मी एकटीच जाणार होते.

हँडलवर रबराची पट्टी, तिच्यावर क्लॅम्प, मग पिशवी. पिशवीनं दिवा झाकला जाई, म्हणून तो खाली घेतला. घंटी बाजूला सरकवली. ब्रेकच्या तारा अडकत नाहीत ना, हे हँडल वळवून पाहिलं. शेवटच्या स्क्रूवर मात्र पाना ठरेना.

"मी आवळू का?"

"वेल्ह्याला चालली आहेस, हिमालयात नाही. झालंय."

पिशवी किंचित हलत होती. तो वर गेल्यावर मी पाना उचलला, आणि तसाच ठेवून दिला.

सकाळी खडकवासल्याचं पाणी आभाळासारखंच राखाडी होतं. खानापूरला नेहमीच्या हॉटेलात थांबले. मालकानं सवयीनं दोन चहा आणले.

"साहेब मागं राहिले काय?"

"बरं नाही त्यांना."

दुसरा चहा तसाच निवला.

पाबे घाट कसाबसा चढले. उतारावर एका खड्ड्यात पिशवी खाली घसरली, पुढच्या चाकाला घासली आणि मी रस्त्यावर आपटले. कोपर सोललं, मनगट सुजलं. शेळ्या वळणारी एक बाई धावत आली.

"अगं बया! एकट्याच हाय व्हय?"

"एकटीच."

तिनं मला उठवलं आणि पिशवी काथ्याच्या सुंभानं हँडलला करकचून बांधली. पुण्याला निघालेला एक पिकअपही तिनंच हात करून थांबवला. वेल्हं खाली दिसत होतं. मी सायकल गाडीत चढवायला सांगितली.

अरविंद पार्किंगमध्येच उभा होता. आधी त्यानं माझं कोपर पाहिलं, मग सुंभ.

"खड्डा मोठा होता," मी म्हणाले.

"वसू, पिशवी हलत होती ते काल तुला कळलं होतं ना?"

मी मान हलवली.

"मग आवळली का नाहीस?"

मी चांगल्या हातानं सुंभाची गाठ सोडवू लागले. त्यानं हँडल धरलं.

"माझी अशी कीव करू नकोस. जिवावर बेतेल तुझ्या."

मनगटाची सूज उतरल्यावर, एका संध्याकाळी, त्यानं मला खाली नेलं. "सगळं सोड आणि पहिल्यापासून तू बसव. मी सांगतो."

तो सांगत गेला, मी करत गेले. हे काम तो मला पहिल्यांदाच शिकवत होता. का शिकवतोय, ते दोघांनाही ठाऊक होतं. मी मान खाली घालून स्क्रू आवळत राहिले.