खिडकीतला कप

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू कोर्टात साक्ष दिली होतीस, खरं का?" खरं आहे. क्रमाने सांगते.

तेव्हा आम्ही लंडनमध्ये, वेम्बलीला होतो. पलीकडच्या गल्लीतल्या एका मराठी कुटुंबाने गावाहून एक माणूस कामाला आणला होता. चाळिशीचा, अबोल. गणपतीत सगळा स्वयंपाक तो एकटा करायचा. मी घरच्या बाईंना म्हणायचे, "नशीबवान आहेस गं, असा माणूस मिळाला."

"नोकर नाही हो काकू, घरचाच आहे तो. आम्हाला दादा-वहिनी म्हणतो."

एकदा त्यांच्याकडे जेवणं झाल्यावर मी भांडी विसळून सगळे कप कपाटात लावले. तिने त्यातून कान तुटलेला एक कप काढला आणि मागच्या खिडकीत नेऊन ठेवला. "त्याचा वेगळा असतो." मी बरं म्हटलं. पुण्याला माझ्या आईकडेही भांडीवाल्या बाईंचा कप खिडकीतच असायचा.

पुढे हिवाळ्यात तो मला ईलिंग रोडवर दिसला. पायात स्लिपर, अंगात नुसता स्वेटर. "काकू, कचऱ्याची बिन ठेवायला बाहेर आलो, तो आत गेलोच नाही. पासपोर्ट दादांकडे आहे. मला कोंडून बाहेर जातात."

मी म्हणाले, "अरे, वहिनी वाट बघत असेल. घरी जा."

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तो गेला नाही, हे त्याचं शहाणपण. मंदिरातल्या कुणीतरी त्याला वकील गाठून दिला आणि त्याने दावा लावला: मला चार वर्षं कोंडून राबवलं, माझा पासपोर्ट द्या, मला मोकळं करा. समोरच्यांचं म्हणणं एकच, तो आमच्या घरातला माणूस आहे, घरातले सगळे करतात तसं तोही काम करायचा. कोर्टाला ते पटलं असतं, तर त्याला परत जायला तेच एक दार उरलं असतं.

त्याच्या वकिलाने मला साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी त्या घरच्या बाईंचा फोन आला. "खाल्ल्या घरचे वासे मोजायला निघालात का काकू?"

"वासे नाही गं. एक कप."

मी कपाची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. मग समोरच्यांचा बॅरिस्टर उठला, फार सभ्य माणूस. "तुमच्या आईच्या घरी कामवाल्या बाईंचा कप वेगळा होता का?"

"होता."

"मग त्या गुलाम होत्या का?"

शाळेत मला इंग्रजी वक्तृत्वाची बक्षिसं मिळाली होती. त्या दिवशी ती काही उपयोगाची नव्हती. मी साधंच म्हणाले, "नाही. त्या संध्याकाळी आपल्या घरी जायच्या." आणि न विचारता पुढे म्हणाले, "पण कप वेगळा ठेवणं तेव्हाही चूकच होतं."

तो आपल्या वकिलाच्या मागे बसला होता. त्याची आई गेल्याचं त्या घराने त्याला आठ महिन्यांनी सांगितलं होतं. हे त्याने स्वतः सांगितलं तेव्हा जज्जबाईंनी लिहिणं थांबवलं.

काही आठवड्यांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. पासपोर्ट हातात आला, त्या दिवशी तो आमच्याकडे आला. फोटोतला माणूस बराच तरुण होता. मी चहा केला. आमच्या नेहमीच्या निळ्या कपात दिला, समोर खुर्चीवर बसवून.

मी बिस्किटांचा डबा आत ठेवून येईपर्यंत त्याने कप विसळला होता आणि नेमका मागच्या खिडकीत ठेवला होता. मी तो उचलायला गेले.

"राहू द्या काकू," तो म्हणाला. "तिथं मला सापडतो."